आई शांत झाली असं सगळे म्हणत होते

मी निघाले त्या सकाळी आमच्या दारात अख्खी भावकी जमली होती. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात पुण्याला नोकरीला निघालेल्या मुलालाही चार माणसं पोचवायला येतात, आणि मी तर इंग्लंडला चालले होते, त्यातून मुलगी. दादानं भाड्याची गाडी सांगितली होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, उगाचच टायरला लाथ मारून हवा बघत होते. आईनं माझ्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं, मी ते खाल्लं, आणि चमचा हातात तसाच धरून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "आजपास्नं दूध-दुभतं सोडलं मी. जोतिबाला बोललोय. हिचं तिकडं बस्तान बसूस्तवर तोंडाला लावणार न्हाय."

आमच्याकडे बायकाही 'बोललोय', 'जातो' असंच म्हणतात, आणि आईच्या तोंडी ते जास्तच शोभायचं. थोरल्या काकीनं, म्हणजे आण्णांच्या मोठ्या भावाच्या बायकोनं, डोळ्यांना पदर लावला आणि आईचं काळीज असंच असतं म्हणाली. मी म्हटलं, हे काय नवीन काढलंस, तू दूध सोडलंस म्हणून तिकडे मला कोण नोकरीत कायम करणार आहे? आण्णा म्हणाले, जाताना वाद नको. मग सगळेच म्हणाले जाताना वाद नको, आणि मला गाडीत बसवलं. तो अर्धवट राहिलेला वाद आठ वर्षं माझ्या डोक्यात चालू आहे. आता तो लिहूनच काढते.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे दोघांसाठीही आहे. कुणाला राग आला तर येऊ दे. मलाही आलेलाच आहे.

आधी हे सांगते की दूध हा तिचा पहिला त्याग नव्हता. दादाचं लग्न जमत नव्हतं तेव्हा तिनं मटण, मासे, अंडी सोडली होती. लग्न जमलं, झालं, दादाला मुलगी झाली, तरी आईनं मटण परत धरलं नाही, कारण देवाला दिलेलं परत कसं घ्यायचं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जिल्ह्यात राहून ही बाई दर पाहुणचाराला सगळ्यांना वाढायची आणि स्वतः आमटीत भाकरी कुस्करायची. म्हणजे दादासाठी मटण गेलं आणि माझ्यासाठी दूध. आण्णांनी आम्हा दोघांसाठी काय सोडलं, तर तंबाखूची पुडीसुद्धा नाही. आण्णा माणूस वाईट नाहीत. पण आमच्या घरात देवाशी बोलणी करायचं काम आईकडे होतं आणि दर बोलणीला तिच्याच ताटातलं काहीतरी कमी व्हायचं, हे कुणाला कधी खटकलं नाही.

आमच्याकडच्या बाईनं दूध सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही. आमच्याकडे पेला थेट म्हशीच्या कासेखाली धरतात आणि फेसासकट पितात. आईची पहाट गोठ्यात उजाडायची. धार काढायची, किटली उचलायची आणि डेअरीत घालायला जायची. फॅट कमी लागली की मशीनवरच्या माणसाला ती सोडायची नाही. म्हस काय पाणी देतीया व्हय रं, असं विचारायची आणि तो निमूट पुन्हा तपासायचा. तिचा आवाज गोठ्यातून निघून चौकापर्यंत जायचा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, कारण मी कुठेही खेळत असले तरी माझं नाव सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. ही बाई माझ्या जाण्यानंतरही रोज धार काढत होती, डेअरीत दूध घालत होती, आणि घरी येऊन कोरा चहा पीत होती.

इकडे मी लीड्समध्ये एका बांधकाम कंपनीत अंदाजपत्रकं करायला लागले. टेंडर, साइट, व्हेरिएशन, डेडलाइन हीच माझी बोली झाली. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडला की वाटायचं, गावात लाइट गेलीय, आत्ता येईल. सकाळी ओट्स शिजवताना फ्रिजमधलं ते पातळ दूध ओतायचे आणि दर वेळी आईचा तो कोरा चहा आठवायचा. रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. नोकरी पक्की झाली तेव्हा मी म्हटलं, झालं बस्तान, आता घे दूध. ती म्हणाली, अजून भाड्याच्या घरात हाईस की. लग्नानंतर मी आणि नवऱ्यानं हप्त्यांवर एक छोटं घर घेतलं, तर म्हणाली, कागद पक्कं हू देत. तिथे कायम राहायचे कागद झाले, तर म्हणाली, लेकरू हू दे. माझं बस्तान कधी बसायचं याचा काही नेमच राहिला नाही.

पाचेक वर्षांनी तिचा आवाज उतरायला लागला. आधी मला वाटलं फोनचा दोष आहे. मी काही विचारलं की ती हां म्हणायची, पुन्हा विचारलं की पुन्हा हां. मग वहिनी सांगायला लागली, म्हणजे दादाची बायको, आमच्याकडे सून सासूला आत्याच म्हणते, की आत्या आमटीत दोनदा मीठ घालत्यात, दूध गॅसवर ठेवून विसरत्यात, नातीला माझ्या नावानं हाक मारत्यात. डेअरीत जायचं काम दादाकडे गेलं. आई उंबऱ्यावर बसून राहायला लागली. फॅट कितीही लागो, कुणाशी भांडण नाही, गल्लीत हाक नाही.

आणि गावाला हे आवडलं! ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी माझा पारा चढतोच. लोक म्हणाले, बाई आता शांत झाली. काकी म्हणाली, मटण न्हाय, दूध न्हाय, राग न्हाय, देवाचीच झाली की गं तुझी आई. पुढे तिचं तोंड यायला लागलं. जीभ लाल व्हायची, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून तिनं ठेचाही सोडला. कोल्हापूरकडची बाई ठेचा नको म्हणते म्हटल्यावर निदान तेव्हा तरी कुणाच्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. तर त्यालाही लोक सात्त्विक म्हणाले. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत तिचं उदाहरण द्यायला लागले. एक माणूस डोळ्यांदेखत विझत चाललेलं होतं आणि आजूबाजूचे हात जोडत होते. बाई आजारी पडली की चांगली वागायला लागते, असं तर आपल्या लोकांना वाटत नाही ना, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजून त्याचं उत्तर मिळालेलं नाही.

ज्यांना ती देवाची झाल्यासारखी वाटत नव्हती, त्यांच्याकडे दुसरं कारण तयार होतं. ते कारण म्हणजे मी. लेक साता समुद्रापार गेल्यावर आई खचणारच की, असं जो तो फोनवर मला ऐकवायचा. दादा म्हणायचा, तू हिकडं आलीस की ती दोन दिसात उठून बसंल. मावशी म्हणायची, पैसा मिळवलास, पण आई गमावशील. निघून आलेल्या प्रत्येकाला हे फोन आलेले असतात. गावी कुणी आजारी पडलं की त्याचं मूळ आपल्या पासपोर्टात सापडतं. गावातच राहिलेल्यांच्या आया आजारी पडत नाहीत काय? माझ्या आईच्या पायाला मुंग्या येत होत्या, चालताना तिचा तोल जात होता, तिची चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि तिला कळायचं नाही. हे सगळं मी लीड्सला बसून केलं म्हणायचं का? पण पायाला वात म्हणून तेल चोळलं गेलं, विसरण्याला वय म्हटलं गेलं, उदास बसण्याला लेकीची आठवण म्हटलं गेलं. एकाच बाईचे तीन आजार करून तीन जणांनी वाटून घेतले.

एके दिवशी ती वहिनीला म्हणाली, "आता जगून तरी काय करायचंय मी?" वहिनी घाबरली. तिनं दादाला स्पष्ट सांगितलं की आता मनाच्या डॉक्टरकडे न्यायचंच. दादानं नेलं, त्याबद्दल मी त्याला कधीही नावं ठेवणार नाही, कारण आमच्या भावकीत तोवर त्या दवाखान्याची पायरी उघडपणे कुणी चढलेलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी मुलं कुठे असतात ते विचारलं. दादानं सांगितलं, बहीण इंग्लंडला असते. डॉक्टर हं म्हणाले, आणि त्या एका हंमध्ये सगळं निदान झालं. नैराश्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चुकीच्या नव्हत्या, तिला झोप यायला लागली, रडणं थोडं कमी झालं. पण काय खाता, काय खात नाही, पायाला काय होतं, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. रक्त तपासलं नाही. आईनंही आपणहून सांगितलं नाही, कारण नवस बोललेलं डॉक्टरला सांगायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मला हे कळायला माझीच पाळी यावी लागली. एका हिवाळ्यात मला सकाळी उठवेना. ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसायचे, साधी बेरीज दोनदा करावी लागायची, नवरा काही बोलला तरी रडू यायचं. इथल्या जीपीकडे, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारख्या बाईंकडे गेले. मी माझं दुःख सांगायची तयारी करून गेले होते. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आधी रक्त बघू. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, डी. जेवणात काय असतं तेही विचारलं. माझं डी जीवनसत्त्व फार कमी निघालं. त्या म्हणाल्या की नुसतं यामुळेच मन खाली गेलंय असं मी म्हणणार नाही, पण हे कमी ठेवून बाकीचा इलाज करण्यात अर्थ नाही. इथलं सगळं छान आहे असं सांगायचा माझा हेतू नाही. मनाबद्दल बोलायला समुपदेशक हवा म्हटलं, तर रांगेत महिनोन् महिने उभं केलं, आणि तोवर स्वतःच बरं व्हा अशा थाटाची एक पुस्तिका हातात दिली. त्याचाही मला राग आहे. पण त्या दवाखान्यातून बाहेर पडताना मी बसची वाट बघत उभी राहिले आणि एकदम आईचं ताट डोळ्यांपुढे आलं. त्यात मटण नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, दही नाही, ताक नाही. मेंदूला आणि नसांना लागणारं बी-ट्वेल्व्ह ज्यांतून मिळतं, ते सगळं तिनं आमच्या नावानं एकेक करून काढून टाकलं होतं.

मी रजा टाकली आणि गावी गेले. दादानं आनंदानं सांगितलं, आलीस न्हवं, आता बघ कशी उठती. आई उठली नाही. माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. तिचा चेहरा पिवळट पडला होता. मी तिला कोल्हापुरात दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी तिला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर तिची झोकांडी गेली आणि मला धरावं लागलं. जीभ बघितली, तळव्यांना टोचून बघितलं, मग विचारलं, मावशी, जेवणात काय सोडलंय का? आईनं माझ्याकडे बघितलं. मीच सगळं सांगितलं, दादाच्या लग्नापासून.

रक्ताचा निकाल त्यांनी फोनवर कळवला आणि मग बोलावून घेऊन आईलाच समजावून सांगितलं. बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलेलं होतं, रक्त कमी, आणि दोन वर्षं घराबाहेर न पडल्यानं डीसुद्धा कमी. दादा अधीर होऊन म्हणाला, म्हणजे मनाचं काही नव्हतं तर. डॉक्टर म्हणाल्या, "नाही, तसं नाही. मावशींना नैराश्यही आहे आणि ही कमतरताही आहे. एकानं दुसऱ्याला वाढवलंय. इंजेक्शनं सुरू करू, पण मनाच्या गोळ्या माझ्या किंवा त्या डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय बंद करायच्या नाहीत." पायाच्या नसा सावरायला वेळ लागेल आणि कदाचित पूर्ण सावरणार नाहीत, हेही त्यांनी लपवलं नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे मी दादाकडून दोनदा वदवून घेतलं. मग माझी रजा संपली आणि मी परत आले.

पुढे जे झालं ते आठवलं की मला अजून स्वस्थ बसवत नाही. इंजेक्शनांनी आईच्या तोंडावर रंग आला, जिभेची आग थांबली, ती दारापर्यंत चालायला लागली. आणि दादानं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. डोक्याचं काय नव्हतंच, जीवनसत्त्वच कमी हुतं, असं तो चौकात, डेअरीत, सोयऱ्यांत सांगत सुटला. घरावरचा डाग पुसल्यासारखं सगळ्यांना हलकं वाटलं. आण्णासुद्धा कधी नव्हे ते जास्त बोलायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, वेड्याच्या गोळ्या आता कशाला, आणि दादानं त्या बंद केल्या. न विचारता, एका दिवसात.

महिना-दीड महिन्यानं वहिनीचा फोन आला. आत्या उठत न्हाईत, आंघोळ न्हाई, पाठ करून पडून असत्यात. मी दादाला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचं एकच पालुपद होतं, इंजेक्शन चालू हायती की. रक्तात काही कमी असलं तर आपल्या लोकांना चालतं. ते चारचौघांत सांगता येतं, त्यावर शेजारीण खजूर आणून देते. मनात कमी असलं तर ते सांगायचं नाही, आणि रक्ताचं कारण मिळालं की त्याच्या आड मन लपवून टाकायचं. आणि उलटही तसंच. मनाचं एकदा ठरलं की रक्ताकडे बघायचं नाही, बाई रडते म्हणजे तिची लेक दूर आहे एवढं पुरे. डोकं शरीराबाहेर कुठे लटकत असतं का? तेही जेवणावरच चालतं, आणि दुःखानंही थकतं. हे समजायला काही विलायतेला जावं लागत नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी त्या वहिनीच्या ताब्यात होत्या आणि दादाला त्यांना हात लावायची बंदी होती. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा फोडत होती. दुपारची वेळ होती, घरात आम्ही दोघीच. मी एका पेल्यात दूध गरम करून तिच्यापुढे ठेवलं. इंजेक्शन चालू असल्यानं दुधावाचून तिचं अडणार नव्हतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. पण ती जोवर ते नाकारत होती तोवर माझं आयुष्य तिच्या उपाशी राहण्यावर टांगलेलं आहे असं ती मानत होती, आणि ते मला सहन होत नव्हतं.

तिनं पेला बाजूला सरकवला. "देवाला बोललेलं हाय. मोडलं आन् तुज्यावर काय आलं, तर मी काय करू?"

मला वाटलं होतं ती श्रद्धेचं काही बोलेल. ती तर घाबरलेली होती. इतकी वर्षं सगळे ज्याला त्याग आणि भक्ती म्हणून मिरवत होते ती साधी भीती होती, लेकीच्या जिवाची. मी चिडले. तिच्यावर चिडायचं नव्हतं, तरी चिडले. म्हटलं, माझं बस्तान बसलं की नाही हे तू मला कधी विचारलंस? मी तिथे कर भरते, घर घेतलंय, आजारी पडले तर माझी मी बरी होते. तू दूध प्यायलीस तरी मी तिथेच आहे आणि नाही प्यायलीस तरी तिथेच आहे. ती शेंगा फोडत राहिली. दूध थंड झालं, त्यावर साय आली, संध्याकाळी मी ते मांजराला घातलं.

त्या रजेतच आम्ही जोतिबाला गेलो. दादानं दोन गाड्या केल्या, काकीपण आली. आई अजून पायऱ्या एकटीनं उतरू शकत नव्हती. वहिनीनं एका बाजूनं धरलं होतं, मी दुसऱ्या बाजूनं. पायाखाली गुलाल असला की तिला जमीन नीट कळायची नाही. दर्शन झालं. आई देवापुढे बराच वेळ उभी राहिली, ओठ हलत होते, मागचे लोक ढकलायला लागले तरी हलली नाही. बाहेर येऊन आम्ही एका दुकानाच्या सावलीला बसलो. तिथे गावचीच एक बाई भेटली आणि तिनं आईची चौकशी केली. आईनं तोंड उघडायच्या आधीच काकी सांगायला लागली, की मनाचं बिनाचं काय नव्हतं हो, नुसतं जीवनसत्त्व कमी हुतं, आता ठणठणीत हाय, आन् सोबाव तर असला शांत झालाय म्हणून सांगू.

आईनं गुडघ्यावर हात टेकून स्वतःला थोडं उचललं आणि म्हणाली, "मनाचंबी हाय."

काकीनं वळून बघितलं. दुकानदारानंही नारळ ठेवता ठेवता वर बघितलं. आईचा आवाज पूर्वीसारखा नव्हता, पण चार दुकानं पलीकडे जाईल एवढा होता. "दोन्ही हाय मला. रक्ताचंबी हाय आन् मनाचंबी हाय. गोळी खातो मी, रोज. शांत बिंत काय झालो न्हवतो, मरत हुतो की. तुमी आपलं हात जोडत बसलासा."

काकीनं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. आईनं तिला बोलू दिलं नाही. दादाकडे वळून म्हणाली, मला इचारल्याबिगर माजी गोळी पुन्यांदा बंद केलीस तर बघ. आण्णा तंबाखू मळत होते, त्यांना म्हणाली, तुमी कदी काय सोडलंसा का ओ माज्यासाठी? आण्णांचा हात थांबला. मला मनातून फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांचं माझं सगळं ती एकटीच बोलून टाकत होती. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"आन् तूबी ऐक. मी सोडलंतं, मीच धरतो. देवाला आत्ता सांगून आलोय, हिचं बस्तान बसलं म्हणून. तू गरम करून म्होरं ठेवलंस म्हणून न्हवं. आन् दर खेपंला डोळं मोठं करून मला बघाय येतीस, जीब दाव, पाय दाव. दवाखान्यात आल्यागत. मला बघाय यायचं न्हाय आता. घरला यायचं आसंल तर ये."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मला रडू आलं आणि रागही आला, कारण तिच्यासाठी एवढं केलेल्या मलाच चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं होतं.

ती पूर्ण बरी झालीय असं मी लिहिणार नाही. पायातली बधिरता बरीचशी राहिली आहे. काही दिवस असे असतात की ती फोनवर येत नाही, आणि वहिनी सांगते, आज आत्यांचा दिवस न्हाय. इंजेक्शन आता महिन्यातून एकदा असतं, गोळी रोजची आहे. ताक पिते, दही खाते, मटणाला मात्र अजून नको म्हणते, आणि ते तिचं तिनं ठरवलेलं आहे. गावात अजूनही कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं लेक दूर आहे. ज्यांच्या घरात अशी शांत झालेली बाई असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तिला उठवून दवाखान्यात न्या, ती काय खात नाही ते डॉक्टरला सांगा, रक्त तपासा आणि मनाचंही विचारा. एक सापडलं म्हणून दुसरं सोडून देऊ नका.

गेली दोन-तीन वर्षं मी गावी जात होते ती आईला बघायलाच. तिकीट काढताना, रजेच्या अर्जावर, विमानात शेजारी बसलेल्या माणसाला मी हेच सांगायचे, आई आजारी आहे, बघायला चाललेय. निघून गेलेल्या मुलीला गावी जायला काहीतरी कारण लागतं, तसं ते माझं कारण होतं. गेल्या महिन्यात पुन्हा गेले. ऑफिसात मॅनेजरनं सवयीनं विचारलं, आई कशी आहे, काही झालंय का? मी म्हटलं, काही नाही झालेलं, घरी चाललेय.